दोन्ही छावण्यांतली प्रार्थना

सप्रेम सलाम.

अमेरिकन स्वातंत्र्ययुद्धावरच्या तुझ्या कादंबरीची तीन प्रकरणं वाचून झाली. कॉनकॉर्डच्या रस्त्याने लाल डगलेवाले शिपाई जाताना जी म्हातारी गुपचूप कोंबड्या आत हाकते, ती फार चांगली उतरली आहे. पुढे तिला बोलकी करण्याचा मोह होईल; करू नकोस. तिचं काम तेवढंच.

आता खटकलेलं. तुझ्या पाळकाला पहिल्या पानापासून पक्कं ठाऊक आहे की देव वसाहतींच्या बाजूने आहे आणि हे युद्ध जिंकायचंच आहे. इंग्रज कॅप्टनला मात्र देवाचा गंधही नाही. तो पितो, शिव्या देतो, आणि तुझी नायिका शेवटच्या प्रकरणात त्याला गुडघ्यावर आणणार हे मला आत्ताच दिसतंय. अमेरिकेत अशा ख्रिस्ती ऐतिहासिक कादंबऱ्यांनी कपाटंच्या कपाटं भरली आहेत, आणि त्यांतल्या कितीतरी याच मळलेल्या वाटेने जातात. तुझ्या हाती त्याहून मोठं काही लागलंय, पण तुझं तिकडे लक्ष नाही. त्या युद्धात दोन्हीकडची माणसं एकच पवित्र शास्त्र वाचत होती, एकाच देवाकडे एकमेकांच्या विरुद्ध मागणी करत होती, आणि शेवट कुणालाच माहीत नव्हता. १७८१ मध्ये यॉर्कटाउनला इंग्रज सेनापती कॉर्नवॉलिस शरण येणार आणि १७८३ मध्ये पॅरिसला तह होणार, हे तुला माहीत आहे. तुझ्या पाळकाला १७७५ मध्ये पुढच्या रविवारचंही माहीत नाही. तरीही त्याला काहीतरी ठरवावं लागतं. तुझी गोष्ट तिथून सुरू व्हायला हवी.

बायबलमधल्या रोमकरांस पत्राचा तेरावा अध्याय उघडून टेबलावर ठेव आणि कादंबरी संपेपर्यंत मिटू नकोस. प्रत्येकाने वरिष्ठ अधिकाऱ्यांच्या अधीन राहावं, कारण अधिकार देवाने नेमलेले असतात, असं पौल तिथे सांगतो. बॉस्टनच्या वेस्ट चर्चमध्ये जोनाथन मेह्यूने १७५० मध्येच, म्हणजे चहाच्या पेट्या समुद्रात पडण्याच्या तेवीस वर्षं आधी, या अध्यायावर उपदेश केला होता. जो राजा प्रजेच्या भल्यासाठी राज्य करत नाही तो देवाचा सेवक उरत नाही, आणि मग त्याच्या अधीन राहण्याचं कर्तव्यही उरत नाही, असा त्याचा युक्तिवाद. इंग्लंडचा राजा पहिल्या चार्ल्सच्या शिरच्छेदाचा स्मरणदिन नुकताच होऊन गेला होता. रविवार नेमका साधला म्हणायचा. तोच अध्याय हातात घेऊन मेरीलँडचा अँग्लिकन, म्हणजे इंग्लंडच्या राजमान्य चर्चचा, पाळक जोनाथन बाउचर आज्ञापालन शिकवत होता, आणि धमक्या वाढल्या तेव्हा व्यासपीठावर शेजारी भरलेली पिस्तुलं ठेवत होता. १७७५ मध्ये त्याला इंग्लंड गाठावं लागलं. त्याच वर्षी मेथडिस्ट पंथाचा संस्थापक जॉन वेस्लीने वसाहतींना सबुरीचा उपदेश करणारी पुस्तिका काढली, आणि तिचा चटका अमेरिकेतल्या मेथडिस्टांना बसला. वेस्लीने धाडलेले प्रचारक एकेक करून परत गेले. मागे राहिलेल्या फ्रान्सिस ॲसबरीला मेरीलँडची निष्ठेची शपथ घ्यायची नव्हती, म्हणून तो डेलावेअरमध्ये दडून राहिला. यांतला ढोंगी कोण, ते तू मला दाखव. मला एकही सापडत नाही.

तुझ्या पाळकासाठी एक माणूस अभ्यासायला देतो: जेकब डुशे, फिलाडेल्फियाच्या क्राइस्ट चर्चचा. सप्टेंबर १७७४ मध्ये वसाहतींच्या प्रतिनिधींची पहिली काँटिनेंटल काँग्रेस भरली, तेव्हा कामाची सुरुवात प्रार्थनेने करावी की नाही यावरच वाद झाला. इतक्या पंथांची माणसं एका प्रार्थनेत बसणार कशी? तेव्हा सॅम्युएल ॲडम्स, पक्क्या काँग्रिगेशनल, म्हणजे प्युरिटन परंपरेतल्या, घरातला, उठला आणि म्हणाला की मी काही एवढा सोवळा नाही; माणूस भक्त असेल आणि देशाचा मित्र असेल तर मी त्याची प्रार्थना ऐकेन. नाव सुचवलं तेही एका अँग्लिकनाचं, डुशेचं. ७ सप्टेंबरला डुशे पाळकी झगा घालून आला. अँग्लिकन प्रार्थनापुस्तकात महिन्याच्या प्रत्येक दिवसाची स्तोत्रं नेमलेली असतात, आणि सातव्या दिवशी पस्तिसावं येतं: परमेश्वरा, माझ्याशी लढणाऱ्यांशी तू लढ. इंग्रजांनी बॉस्टनवर तोफा डागल्याची अफवा नुकतीच येऊन थडकली होती. अफवा खोटी होती, पण त्या सकाळी त्या खोलीत ते कुणाला ठाऊक? हे स्तोत्र आजच्यासाठी जणू देवानेच नेमून ठेवलं होतं, असं जॉन ॲडम्सने बायकोला लिहिलं. मग डुशेने पुस्तकाबाहेरची, स्वतःच्या शब्दांतली प्रार्थना केली. ती ऐकून सभा हेलावून गेली.

सामान्य कादंबरी इथे पडदा पाडते. तू पुढे बघ. ४ जुलै १७७६ रोजी क्राइस्ट चर्चच्या कारभाऱ्यांनी राजासाठीच्या प्रार्थना वगळायचं ठरवलं. डुशे काँग्रेसचा चॅप्लिन, म्हणजे नेमलेला पाळक, झाला आणि थोड्याच महिन्यांत पदावरून दूर झाला. सप्टेंबर १७७७ मध्ये इंग्रज सैन्य फिलाडेल्फियात शिरलं, डुशेला अटक झाली, तो सुटला, आणि ८ ऑक्टोबरला त्याने वॉशिंग्टनला लांबलचक पत्र लिहिलं की काँग्रेसला स्वातंत्र्याचा जाहीरनामा मागे घ्यायला लावा. वॉशिंग्टनने ते पत्र तसंच काँग्रेसकडे पाठवलं. डुशेचा मेहुणा फ्रान्सिस हॉपकिन्सन जाहीरनाम्यावर सही करणाऱ्यांपैकी. त्याने डुशेला जे उत्तर लिहिलं ते जहरी आहे. वर्ष सरता सरता डुशे इंग्लंडला निघून गेला. पेनसिल्व्हेनियाने त्याची मालमत्ता जप्त केली. तो परतला १७९२ मध्ये.

त्याला भेकड म्हणून मोकळं होता येतं, आणि लोकांनी तेच केलं. पण अँग्लिकन पाळक दीक्षा घेताना राजाशी निष्ठेची शपथ घेत असे, देवाला साक्षी ठेवून. राजासाठीची प्रार्थना म्हणावी तर लोक दारात उभे, गाळावी तर शपथ मोडली. कितीतरी अँग्लिकन पाळकांनी यातून सुटण्यासाठी सरळ चर्चला कुलूप लावलं. तुझं खरं युद्ध प्रार्थनापुस्तकातल्या त्या चार ओळींवर आहे. राजाचं नाव शाईने खोडलेलं जुनं प्रार्थनापुस्तक अमेरिकेत आजही जपून ठेवलेलं आहे. खोडणारा हात कसा चालला असेल, घाईने की रेघ सरळ यावी म्हणून सावकाश, यावर पानभर लिही. लेक्सिंग्टनची चकमक दोन परिच्छेदांत उरकली तरी मला चालेल. तुझा पाळक काँग्रिगेशनल आहे, त्याला अशी शपथच नाही, म्हणून त्याला सगळं सोपं जातंय. त्याला अँग्लिकन कर. ते जमत नसेल तर निदान त्याच्या बायकोचं माहेर अँग्लिकन कर आणि सासऱ्याला पाळक.

तपशिलांच्या बाबतीत मी कडक आहे, हे तुला ठाऊक आहे. तिसऱ्या प्रकरणात मॅसॅच्युसेट्सच्या खेड्यात नाताळचं झाड उभं आहे, आणि वॉशिंग्टनच्या सैन्याच्या व्हॅली फोर्जच्या हिवाळी तळावर तंबूंत शिपाई ‘अमेझिंग ग्रेस’ गातायत. दोन्ही काढ. न्यू इंग्लंडची प्युरिटन परंपरेतली मंडळी नाताळ पाळत नसे. शास्त्रात त्याची तारीख नाही, सण रोमचा, म्हणून सतराव्या शतकात तर मॅसॅच्युसेट्सने नाताळ साजरा करणाऱ्याला दंड ठेवला होता. तुझ्या काळापर्यंत कायदा गेला होता, सवय राहिली होती. २५ डिसेंबरला तुझा पाळक लाकडं फोडत असेल. ज्याच्या घरी नाताळला करंज्या तळल्या जातात त्या आपल्या वाचकाला हे वाचून चांगलाच धक्का बसेल. तो धक्का फुकट मिळतोय, घे.

‘अमेझिंग ग्रेस’ जॉन न्यूटनने इंग्लंडमध्ये लिहिलं, ते छापून आलं १७७९ मध्ये, आणि आपण ज्या चालीवर गातो ती त्याला लागली एकोणिसाव्या शतकात. व्हॅली फोर्जचा हिवाळा १७७७-७८चा. (तिथे शिपाई हिवाळाभर तंबूंत नव्हते, त्यांनी ओंडक्यांच्या झोपड्या बांधल्या होत्या.) त्यांच्या तोंडी आयझॅक वॉट्सची गीतं घाल. किंवा बॉस्टनच्या विल्यम बिलिंग्जचं ‘चेस्टर’ घाल. हा बिलिंग्ज चामडं कमावण्याचा धंदा करायचा आणि चाली बांधायचा. त्या गीतात ‘न्यू इंग्लंडचा देव’ सदासर्वकाळ राज्य करतो. देवाला प्रांत नेमून देणारी ही ओळ तुझ्या इंग्रज कॅप्टनच्या कानावर एकदा पडू दे, आणि त्याला काय वाटतं ते बघ.

उपासनेची जागाही नीट पाहून घे. प्रार्थनागृहात शेकोटी नसे; बायका पायाशी निखाऱ्यांची लहानशी पेटी घेऊन बसत. उपदेश दोन, एक सकाळी, एक दुपारी. बसायच्या जागा मानपानाप्रमाणे, काळे लोक वर सज्जात. पुस्तकं थोडी, म्हणून बऱ्याच मंडळ्यांत डीकन एक ओळ म्हणे आणि मग सगळे ती गात. हे सगळं एका परिच्छेदात ओतलंस तर सहलीचं माहितीपत्रक होईल. बायकोचे पाय गार पडले आणि दुसरा उपदेश अजून व्हायचाय, एवढं पुरे.

शिपायाच्या हातातल्या बायबलचं मात्र विसरू नकोस. इंग्रजी बायबल छापण्याचा हक्क राजाच्या परवान्याने चाले, त्यामुळे वसाहतींतली इंग्रजी बायबलं इंग्लंडहून येत. युद्धाने ती आवक थांबली, आणि फिलाडेल्फियाच्या रॉबर्ट एटकेनने पहिलं संपूर्ण अमेरिकन इंग्रजी बायबल बाजारात आणलं ते १७८२ मध्ये, लढाई जवळजवळ संपल्यावर. म्हणजे राजाविरुद्ध लढणारा तुझा शिपाई उशाशी जे पुस्तक ठेवतो ते राजाच्याच परवान्याने छापलेलं आहे.

बर्फात गुडघे टेकून प्रार्थना करणारा वॉशिंग्टनही जाऊ दे. ती गोष्ट त्याच्या मृत्यूनंतर त्याचा चरित्रकार पार्सन वीम्स याने पसरवली. त्या हिवाळ्यातल्या कुणी ती लिहून ठेवलेली नाही. वॉशिंग्टन सैन्यासाठी चॅप्लिन मागत होता, रविवारच्या उपासनेचे हुकूम काढत होता, नोव्हेंबर १७७५ मध्ये त्याने पोपचा पुतळा जाळण्याची जुनी रीत आपल्या छावणीत बंद पाडली, कारण कॅनडाच्या कॅथलिकांची मदत हवी होती. या खऱ्या गोष्टी तुला जास्त उपयोगी आहेत. तसाच पीटर म्यूलनबर्ग, व्हर्जिनियातल्या वुडस्टॉकचा पाळक. उपदेश संपताच त्याने झगा उतरवला आणि आत सैन्याचा गणवेश निघाला, हे दृश्य ज्या थाटात सांगितलं जातं तो थाट १८४९ च्या चरित्रातला आहे, आणि चरित्रकार त्याच घराण्यातला. पीटरने पलटण उभी केली, सेनापती झाला, हे मात्र पक्कं. मला झग्यापेक्षा त्याच्या भावाशी झालेला पत्रव्यवहार आवडतो. फ्रेडरिकही पाळक, न्यूयॉर्कला. त्याने पीटरला लिहिलं की तू पाळक आहेस, तुझं तिथे काय काम? पीटरचं उत्तर असं की पाळक असलो तरी मी समाजातलाच माणूस आहे, आणि स्वातंत्र्य मलाही तितकंच प्रिय आहे. १७७६ मध्ये इंग्रज आले तेव्हा फ्रेडरिकला न्यूयॉर्क सोडून पळावं लागलं. पुढे तो राजकारणात शिरला आणि १७८९ मध्ये अमेरिकन प्रतिनिधिगृहाचा पहिला सभापती झाला. दोन भाऊ, दोन पाळक, आणि मधे टपाल. यावर एखादं प्रकरण सहज उभं राहतं.

न्यूबरीपोर्टची गोष्ट मी तुझ्यासाठी राखून ठेवली होती. जॉर्ज व्हिटफिल्ड, ज्याचा उपदेश ऐकायला वसाहतींत हजारो माणसं जमत, १७७० मध्ये तिथे वारला आणि चर्चच्या व्यासपीठाखाली पुरला गेला. सप्टेंबर १७७५ मध्ये अमेरिकन अधिकारी बेनेडिक्ट अर्नोल्डची फौज क्वेबेकवर चालून जाण्यासाठी त्याच गावी आली. चॅप्लिन सॅम्युएल स्प्रिंगने उपदेश केला. त्यानंतर काही अधिकारी तळघरात उतरले, शवपेटी उघडवली आणि व्हिटफिल्डची कॉलर व मनगटपट्ट्या काढून घेतल्या, त्यांचे तुकडे करून वाटले. प्रॉटेस्टंट माणसं, संतांच्या अवशेषांना हसणारी! तुझ्या पाळकाला त्या तळघरात उतरव. तुकडा घेतो की नाही ते तू ठरव. ती मोहीम भूक, थंडी आणि देवी यांनी खचली आणि क्वेबेक काही हाती लागलं नाही. अर्नोल्ड १७८० मध्ये इंग्रजांना फितूर झाला. स्प्रिंग न्यूबरीपोर्टलाच पाळक म्हणून राहिला, आणि १८१० मध्ये ज्यांनी अमेरिकन मिशनरी बोर्ड स्थापन केलं त्यांत तो होता. त्याच बोर्डाने गॉर्डन हॉल आणि सॅम्युएल नॉट यांना पाठवलं, ते १८१३ मध्ये मुंबईला पोचले, त्यातून अमेरिकन मराठी मिशन, त्यातून नगरचं मिशन आणि ‘ज्ञानोदय’ नियतकालिक. कादंबरीत यातलं अक्षरही घालू नकोस. पण हा विषय आपल्याला परका, असं कुणी तुला म्हणालं तर सांगायला असू दे.

तुझ्या तीन प्रकरणांत ‘स्वातंत्र्य’ सारखं येतं आणि गुलाम मात्र एकही नाही, घोड्याचा लगाम धरायलासुद्धा नाही. व्हिटफिल्ड वारला तेव्हा त्याच्यावर कविता लिहून नाव मिळवलं ते बॉस्टनमधल्या एका गुलाम मुलीने, फिलिस व्हीटलीने. १७७४ मध्ये मोहेगन जमातीचा पाळक सॅमसन ऑकम याला लिहिलेल्या पत्रात ती म्हणते की स्वातंत्र्याची ओढ देवानेच प्रत्येक माणसाच्या मनात घातली आहे. आणि स्वातंत्र्यासाठी ओरडत दुसऱ्यावर सत्ता गाजवणाऱ्यांच्या विसंगतीला चिमटाही काढते. लेम्युएल हेन्झ हा मिश्र वंशाचा तरुण मिनिटमन, म्हणजे हाक येताच लढायला निघणारा गावचा शिपाई, होता. १७७६ च्या सुमारास त्याने एक निबंध लिहिला, जाहीरनाम्यातली वाक्यं वर घेऊन खाली गुलामगिरीचा हिशेब मांडला. तो निबंध जवळजवळ दोनशे वर्षं हस्तलिखितातच पडून होता. हेन्झ पुढे गोऱ्या मंडळीचा पाळक झाला. दुसऱ्या टोकाला जॉर्जियाचा काळा बॅप्टिस्ट उपदेशक जॉर्ज लाइल. त्याला मुक्त करणारा मालक राजनिष्ठ होता, आणि इंग्रजांनी सव्हाना सोडलं तेव्हा लाइल त्यांच्याबरोबर जमैकाला गेला. त्याच्या दृष्टीने सुटकेचं जहाज कुठल्या झेंड्याखाली होतं? तुझी नायिका या प्रश्नाच्या आसपास तरी एकदा फिरकली पाहिजे.

आणि ग्नाडनहुटन. ओहायोतल्या या वस्तीत मोरेव्हियन या प्रॉटेस्टंट पंथाच्या मिशनचे, लेनापी जमातीचे ख्रिस्ती राहत. शस्त्र उचलायचं नाही हा त्यांचा धर्म. इंग्रजांच्या बाजूच्या जमातींनी त्यांना तिथून हलवलं होतं. उपासमार झाली म्हणून शेतात राहिलेला मका काढायला ते परतले, आणि मार्च १७८२ मध्ये पेनसिल्व्हेनियाच्या मिलिशियाने, म्हणजे नागरिकांच्या फौजेने, त्यांना पकडलं. मिलिशियात मतदान झालं. काहींनी विरोध केला, ते बाजूला झाले. मरणाऱ्यांना तयारीसाठी एक रात्र देण्यात आली, ती त्यांनी गीतं गात, प्रार्थना करत काढली. सकाळी ९६ जण मारले गेले. त्यांतली ३९ मुलं. दोन मुलगे निसटले म्हणून हे कळलं तरी. मारणारेही ख्रिस्ती घरांतले, सीमेवरच्या हल्ल्यांत आपली माणसं गमावलेले. शिक्षा कुणालाच झाली नाही. तू हे लिहावंस असा माझा आग्रह नाही. पण लिहिलंस तर एखाद्या गोऱ्या पात्राच्या हृदयपालटासाठी हे वापरू नकोस. तसं केलेलं मी वाचलंय, आणि पुस्तक बाजूला ठेवलंय.

हृदयपालटावरून आठवलं. न्यू इंग्लंडच्या बऱ्याच मंडळ्यांत पूर्ण सभासद व्हायचं तर देवाने आपल्या आत काय काम केलं याचा वृत्तांत द्यावा लागे, आणि शेजारी तो तपासून बघत. कित्येक माणसं आयुष्यभर चर्चला जात आणि प्रभुभोजनाला पुढे येत नसत, कारण स्वतःबद्दल खात्री नसे. एका रात्रीत पालटलेली माणसंही होती, व्हिटफिल्डच्या सभांत खूप, पण गाव त्यांच्याकडे वर्षभर संशयाने पाही. तुझा कॅप्टन नायिकेच्या एका गीताने विरघळतो, आणि दुसऱ्या पानावर लग्न.

कॅप्टनला आधीपासूनच विश्वासू का नाही करत? थॉमस वेब नावाचा इंग्रज सैन्यातला कॅप्टन होता. फ्रेंचांशी लढताना एक डोळा गेला, पुढे मेथडिस्ट झाला, आणि १७६० च्या दशकात न्यूयॉर्कमध्ये गणवेशात, तलवार समोर ठेवून उपदेश करायचा. तिथलं मेथडिस्ट चर्च उभं राहिलं त्यात त्याचा वाटा होता. १७७७ मध्ये अमेरिकनांनी त्याला हेरगिरीच्या संशयावरून पकडलं. तुझा कॅप्टन असा असेल तर नायिकेला त्याला देव शिकवायचं कारणच उरत नाही, आणि मग दोघांना खरोखर बोलावं लागेल.

चौथं प्रकरण इतक्यात नको. आधी मला दोन पानं पाठव, लढाईच्या आदल्या रात्रीची कॅप्टनची प्रार्थना. तो काय मागतो, आणि काय मागायचं टाळतो. ती मला पटली तर पाळकाची लिहायला घे. आणि अक्षर थोडं मोठं ठेव, माझ्या चष्म्याचा नंबर पुन्हा वाढलाय.